साक्षीदाराशी बोलू नये

कबनूरला आलो तेव्हा माग म्हणजे काय हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. आमच्या यवतमाळकडच्या गावात कापूस बघितलेला, वेचलेला, कापसाच्या गाडीवर झोपलेलो. पण त्याचं कापड होताना कधी बघितलं नव्हतं. सातवीत शाळा सुटली. कुणी सोडवली नाही. गणिताच्या गुरुजींना भिऊन एक दिवस गेलो नाही, मग दोन दिवस, आणि मग एवढ्या दिवसांनी परत कसं जायचं याची लाज वाटायला लागली. माझी ही रीतच आहे. आधी भ्यायचं, मग भ्याल्याची लाज वाटून आणखी भ्यायचं. या रीतीपायी एका भल्या माणसाला अटक व्हायची वेळ आली होती. ती टळली, पण टळताना जे झालं त्याचं मला आजही कधी हसू येतं आणि कधी रडू.

ज्यांच्याकडं मी कामाला लागलो त्यांना सगळी गल्ली चाचा म्हणते, त्यांच्या बायकोला चाची. घराच्या मागच्या बाजूला शेड, शेडात आठ माग. पहिल्या दिवशी मी दारात उभा होतो, पिशवी छातीशी धरून. चाची बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पावणं, जेवलासा काय?"

मी घाबरून म्हटलं, "काहून?"

चाचींना आमच्याकडचं हे 'का बरं' कळलं नाही, पण माणूस उपाशी आहे एवढं कळलं. त्यांनी ताट वाढलं. त्याला सतरा वर्षं झाली. मधल्या काळात माझं लग्न ठरून मोडलं, गावाकडं आई गेली, भावानं घर वाटून घेतलं. आणि मी त्या घराच्या माडीवर राहणारा, सणाला नवा शर्ट मिळणारा, तरीही गल्लीभर 'पावणं'च राहिलेला माणूस झालो.

माझं काम वहिफणीचं. बीम म्हणजे ताण्याचं, उभ्या धाग्यांचं सूत गुंडाळलेला मोठा रूळ. तो मागावर चढवायच्या आधी त्यातली हजारो टोकं एकेक करून वहीच्या, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या डोळ्यांतून आणि फणीच्या दातांतून ओवावी लागतात. एक चुकलं तर कापडात रेघ पडते. पहिल्या महिन्यात धागा तुटला की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. चाचा म्हणायचे, "अरं, तुटतंय म्हणून तर तुला ठेवलाय. तुटलंच नसतं तर तुला काय हितं हार घालून बसवला असता व्हय?"

आता मूळ गोष्टीकडं येतो. कापडाच्या धंद्यात सूत आमचं नसतं. व्यापारी, ज्याला आम्ही पार्टी म्हणतो, तो बीमं भरून पाठवतो, आम्ही विणून ताके, म्हणजे कापडाचे गठ्ठे परत देतो, विणण्याची मजुरी घेतो. म्हणजे लाखाचा माल दुसऱ्याच्या भरवशावर आमच्या शेडात पडलेला असतो. त्या वर्षी कोल्हापुरातल्या एका पार्टीनं दहा बीमं पाठवली होती. सहा मागावर चढली, चार भिंतीला टेकून पाळीची वाट बघत होती. आणि गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला.

आठवडा गेला, दुसरा लागला, वीज नाही. कापड द्यायची मुदत जवळ आली. अशा वेळी आमच्याकडं एक रीत आहे. कुणाचे माग अडले तर त्याची बीमं शेजारच्या शेडात चढवायची. आज त्याचं अडलं, उद्या माझं अडेल. हे कुणी लिहीत नाही, पार्टीला कुणी विचारत नाही; कापड वेळेत गेलं म्हणजे झालं. दोन गल्ल्या पलीकडं चाचांचे एक दोस्त होते, त्यांची वीज दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर. त्यांचे चार माग रिकामे होते. आम्ही हातगाड्यावरून चारी बीमं तिकडं नेली. भर दिवसा, सगळ्या गल्लीच्या देखत.

बीमाच्या टोकाच्या लोखंडी थाळीवर पार्टीची खूण असते, तेलखडूनं काढलेली. त्या दोस्तांची पार्टी मोठी संशयी. दुसऱ्याच्या खुणेचं बीम त्याला दिसलं असतं तर, "माझं काम मागं टाकून परक्याचं विणालायसा व्हय," म्हणून त्यानं दोस्तांशी भांडण काढलं असतं. म्हणून अशा वेळी खूण पुसून त्या शेडाच्या मागाचा आकडा टाकायचा, हीसुद्धा रीतच. सगळे करतात. मला कुणी सांगितलं नाही. मी रॉकेलचा बोळा घेतला, चार थाळ्या पुसल्या आणि वर आकडे टाकले, एक ते चार. काम नीट झालं म्हणून मनातल्या मनात खूशही झालो.

दोन दिवसांनी चाचा-चाची एका लग्नाला गेले आणि नेमकी पार्टी आली. चाचांचा फोन लागेना; कसा लागणार, वीज नसल्यामुळं तो मेलेला. व्यापारी तसा वाईट माणूस नव्हता. पण आदल्या वर्षी कुणीतरी त्याचं सूत घेऊन पसार झालं होतं, त्या चटक्यानं पोळलेला. त्यानं बंद माग बघितले, बीमं मोजली आणि मला विचारलं, "चार कुठं हायत?"

मला म्हणायला काय झालं होतं, शेजारी चढवलीत, चला दाखवतो? पण तो मोठ्यानं बोलला. माझ्या डोळ्यांपुढं ते गणिताचे गुरुजी आले. खूण पुसलेली आठवली, दोस्तांच्या पार्टीचं भांडण आठवलं आणि तोंडातून निघालं, "मला माहीत नाही."

सतरा वर्षांत मी चाचांशी केलेली एकमेव गद्दारी म्हणजे हे तीन शब्द. तीसुद्धा भीतीपोटी.

तो तडक कोल्हापूरला गेला आणि फिर्याद दिली. सूत त्याच्या कोल्हापूरच्या ऑफिसातून दिलेलं, म्हणून गुन्हा तिथंच नोंदला. फसवणूक आणि विश्वासघात, दोन्ही कलमं. पोलीस आले, लग्नाहून परतलेल्या चाचांनीच त्यांना दोस्तांच्या शेडात नेलं आणि तिथं पंचनामा झाला. एका मागावर निम्मं कापड विणून झालेलं. चारी थाळ्यांवर पुसल्याचे डाग. साहेबांनी बोटानं डाग दाखवून विचारलं, "खूण का पुसली? माल पचवायचा होता?"

मी तिथंच होतो. माझं तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, "मी पुसली, साहेब."

गल्लीतले चार जण माझ्याकडं बघायला लागले. चाचांनी नुसती मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. चौघांनी नजर मागाकडं वळवली.

त्याच दुपारी आम्ही कोल्हापूरला, राजारामपुरीत एका वकीलबाईंकडं गेलो. बाई बौद्ध घरातल्या, नेसरीकडच्या. वडील अजून तिकडं शेती करतात. बाईंचं ऑफिस एका कोचिंग क्लासच्या वर. खाली पोरं पाढ्यांसारखी सूत्रं म्हणत होती आणि वर बाई एका बाजूला चहा पीत, एका बाजूला फिर्याद वाचत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "खूण कोणी पुसली?"

"मी," चाचा म्हणाले.

"चाचा, तुमच्या कमरेला पट्टा हाय. जिना चढताना तीनदा थांबलासा, मी वरनं बघितलं. आणि खाली बसून चार थाळ्या घासल्या म्हणताय?"

"घासल्या की."

"वकिलाला खोटं सांगायचं असंल तर दुसरा वकील बघा. ह्याच रस्त्याला चार हायत, माझ्यापेक्षा गोड बोलणारे."

चाचा नुसते हसले. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो होतो. बाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं. मी माझ्या चपलांकडं.

परतीच्या एस.टी.त मी म्हटलं, "चाचा, मी सांगतो खरं."

"गप बसायचं."

"पण पुसली तर मी..."

"हे बघ. उद्या तुला धरलं तर तुला जामीन कोण राहणार? कोर्ट पहिल्यांदा बघतंय, माणूस हितला हाय का, घरदार हाय का, पळून जाईल का. माझं घर हितं, माग हितं, थडगंसुद्धा हितंच हुणार. मी पळून जाऊन जाणार कुठं? मला चार माणसं जामीन राहतील. तुझ्या नावावर काय हाय? एक पिशवी." मग माझा चेहरा बघून त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "तीबी चाचीनं दिलेली."

शेजारच्या सीटवरचे एक आजोबा म्हणाले, "काय झालंय हो पावणं?" चाचा म्हणाले, "काय न्हाय, पोरगं बस लागून आजारी पडालंय." मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो.

वकीलबाईंनी अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकला. पहिल्या तारखेला कोर्टानं पोलिसांचं म्हणणं मागवलं आणि तोवर अटक करू नका, असा तात्पुरता हुकूम दिला. चाचांनी रोज पोलीस ठाण्यात जाऊन तपासाला मदत करायची. ते रोज सकाळची एस.टी. धरून जायचे, डब्यात भाकरी घेऊन. संध्याकाळी येऊन सांगायचे, आज बाकड्यावर एका साखरेच्या दुकानदाराशी ओळख झाली, आज साहेबांना कमरेसाठी तेल सांगून आलो. ते जेवढे हसायचे तेवढी मला भूक लागेनाशी व्हायची. चाची एकदा ताट उचलता उचलता म्हणाल्या, "खाल्लं न्हाईस म्हणून त्यांना जामीन लौकर मिळणार हाय व्हय?" त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही की जा आणि बोल. तसं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटायचं.

पाचव्या दिवशी चाचांची एस.टी. गेल्यावर पुढची धरून मी एकटाच वकीलबाईंकडं गेलो. दारातच, बसायच्या आधी, सगळं सांगून टाकलं. खूण मी पुसली, माहीत नाही असं मी म्हटलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बस आधी. मी चाचांची वकील, तुझी नव्हे. तू काय करावंस हे मी सांगणार न्हाय. कायदा काय हाय तेवढं सांगते, पटलं तर बघ."

आणि त्यांनी मला सांगितलं. आमच्या गुरुजींनी गणित असं शिकवलं असतं तर मी निदान दहावी झालो असतो.

"फसवणूक म्हणजे काय? पहिल्या दिवसापासनं मनात पाप. खोटं बोलून माल काढून घेतला. विश्वासघात म्हणजे माल विश्वासानं हातात आला, पाप मागनं शिरलं. आता एकाच बीमाबद्दल माणूस पहिल्या दिवशी चोर बी होता आणि सज्जन बी होता, असं कसं हुईल? पण पोलीस दोन्ही लावतात. जामिनाच्या वेळी कोर्ट कोण खरं कोण खोटं ठरवत नसतंय, ते खटल्यात. कोर्ट बघतंय, माल कुठं हाय? माणूस बोलावलं की येतोय का? ह्याला कोठडीत घालून आणखी काय मिळणार हाय? आणि कागद बघून पापाची शंका येतीया का?"

"माल तर मागावर आहे."

"व्हय. म्हणून आपण जिंकल्यासारखं हाय. फक्त एक डाग हाय, ती पुसलेली खूण. आरोपी पोलिसांना काय बोलला ते पुराव्यात धरत न्हाईत. पण सरकारी वकील ते कोर्टात वाचून दाखवणारच. खूण पुसणं म्हणजे लपवणं."

"मी सांगितलं तर मला आत घालतील?"

त्यांनी माझं समाधान केलं नाही. "घालतील न घालतील, मी शब्द देऊ शकत न्हाय. तुझ्या मनात चोरी होती का?"

"नाही."

"मग जे झालं ते सांगायला कितवी पास लागतंय?"

खाली पोरांचं सूत्र म्हणणं चालू होतं. मी जिना उतरलो. पोलीस ठाणं तिथून चालत जाण्यासारखं. चालताना दोनदा परत फिरलो. एकदा एका दवाखान्याच्या पायरीवर बसलो, तिथली बाई म्हणाली, "नंबर लावलाय का?" त्या पायरीवरून उठायचं म्हणून उठलो आणि पाय नेतील तिकडं गेलो, ते ठाण्याकडंच गेले.

चाचा बाकड्यावर बसले होते. मला बघून उभे राहिले. "तू काय करालायस हितं?"

मी त्यांच्यापुढून आत गेलो. त्या घरात आल्यापासून त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही असं पहिल्यांदाच झालं.

साहेब थकलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी ऐकून घेतलं, मधे मधे विचारलं, कॉम्प्युटरवर टाइप केलं. शेवटी म्हणाले, "कितवी शिकलास?"

"सातवी."

"वाचता येतंय ना? साक्षीदाराची सही लागत न्हाय, पण बघ एकदा." आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली.

मी बोट धरून वाचलं. सगळं बरोबर होतं. फक्त एका ओळीत लिहिलेलं, 'मालकाच्या सांगण्यावरून मी सदर खूण पुसली.' मी ती ओळ तीनदा वाचली. वाटलं, जाऊ दे, साहेबांनी लिहिलंय. वाटलं, 'मालकाच्या सांगण्यावरून' एवढ्याशा दोन शब्दांनी काय होतंय. मग माझे स्वतःचे ते तीन शब्द आठवले.

"साहेब, हे मी नाही सांगितलं. मालकांनी नाही सांगितलं. माझं मीच केलं. आमच्यात करतात तसं."

त्यांनी चष्मा खाली ओढला. माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मला वाटलं, झालं, आता आपण आत. ते म्हणाले, "सवयीनं लिहिलं गेलं. मालक-नोकर म्हटलं की असंच असतंय." त्यांनी ते शब्द काढले आणि लिहिलं, 'स्वतःहून, व्यवसायातील प्रथेप्रमाणे.' प्रथा हा शब्द मला आवडला. आमच्या बोळ्याला आणि रॉकेलला एवढं चांगलं नाव असेल असं वाटलं नव्हतं.

बाहेर आलो तर चाचा माझ्याशी बोलेनात. एस.टी.त पुढच्या सीटवर जाऊन बसले. कबनूरला उतरल्यावर म्हणाले, "शिकवलं काय आणि केलंस काय." आणि रस्त्याच्या कडेला जाऊन रुमालानं तोंड पुसत बराच वेळ उभे राहिले.

शेवटच्या सुनावणीला आम्ही तिघं गेलो, चाचा, चाची आणि मी. कोर्टात इतकी माणसं, इतके काळे कोट, की मला वाटलं सगळ्या जिल्ह्यानं एकमेकांचा विश्वासघात केलाय. आमच्या आधी एकाचा अर्ज फेटाळला गेला. प्लॉट नसताना प्लॉट दाखवून त्यानं आठ-दहा जणांना बुडवलेलं, नोटीस देऊनही आला नव्हता, कागदसुद्धा खोटे. न्यायाधीशसाहेबांनी आवाज न चढवता नाही म्हटलं. चाचींनी माझं मनगट धरलं. त्यांची नखं रुतली, पण मी हात काढला नाही.

आमचा पुकारा झाला. सरकारी वकील उभे राहिले. "आरोपीनं ओळखचिन्ह नष्ट केलं आहे. यातून त्याचा अप्रामाणिक हेतू दिसतो. कोठडीतली चौकशी गरजेची आहे."

वकीलबाई म्हणाल्या, "साहेब, तपासाच्याच कागदात साक्षीदाराचा जबाब आहे. खूण त्यानं पुसली, स्वतःहून, प्रथेप्रमाणे. जबाब पोलिसांनी घेतलाय, आम्ही नाही."

न्यायाधीशसाहेबांनी पान उलटलं. वाचलं. मग सरकारी वकिलांना विचारलं, "सूत सध्या कुठं आहे?"

"जप्त आहे, साहेब."

"कुठं जप्त आहे?"

सरकारी वकिलांनी मागं उभ्या असलेल्या पोलीससाहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "मागावरच, सर. उतरवलं तर सूत खराब हुईल म्हणून तिथंच पंचनाम्यात घेतलंय."

"म्हणजे चोरलेला माल मागावर चढवलेला आहे, सगळ्यांच्या समोर. आणि आरोपी रोज हजर असतो?"

"रोज येतोय, सर. वेळेआधी येतोय." कोर्टात कुणीतरी हसलं. साहेब पुढं बोलले, "मला कमरेचं तेल बी आणून दिलंय. पैसे दिले मी," हे त्यांनी घाईघाईनं जोडलं.

न्यायाधीशसाहेबांचा चेहरा हलला नाही. त्यांनी विचारलं, "मग कोठडीत यांच्याकडून काय शोधून काढणार आहात?"

सरकारी वकिलांनी फाईल मिटली. न्यायाधीशसाहेबांनी हुकूम सांगायला सुरुवात केली आणि टायपिस्टबाईंची बोटं चालायला लागली. वाद माल कसा आणि कुठं विणला याचा दिसतो. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता असं या टप्प्यावर दिसत नाही. माल मिळाला आहे. आरोपीनं तपासात सहकार्य केलं आहे, तो कायमचा रहिवासी आहे. अर्ज मंजूर. मला वाटलं, आता खाली बसावं आणि रडून घ्यावं. पण साहेब अटी सांगत होते. एक जामीनदार. दर सोमवारी ठाण्यात हजेरी. कोर्टाच्या परवानगीशिवाय माल हलवायचा नाही. आणि सरकार पक्षाच्या साक्षीदारांशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संपर्क साधायचा नाही.

व्हरांड्यात आल्यावर चाची भिंतीला टेकून दुवा मागत होत्या. चाचा माझ्या खांद्याकडं हात नेत म्हणाले, "चल रं पावणं, आधी भजी खाऊ."

"चाचा, थांबा," वकीलबाई मधे आल्या. "ह्याच्याशी बोलायचं न्हाय तुम्ही."

"कुणाशी?"

"साक्षीदाराशी."

"मी कुठं साक्षीदाराशी बोलालोय? मी ह्याच्याशी बोलालोय."

"हाच साक्षीदार."

चाचा हसले. मग बाई हसत नाहीत हे बघून थांबले. "अहो बाई, ह्यो माझ्या माडीवर झोपतोय."

"आजपासनं न्हाय झोपणार. कोणी अर्ज दिला की साक्षीदार आरोपीच्याच घरात जेवतोय, तर जामीन रद्द हुईल. अट मी घातलेली न्हाय. अशा प्रकरणात ही अट घालतातच. साधारण साक्षीदार दुसऱ्या गल्लीत राहतोय, एवढाच फरक."

चाचांचा हात तसाच हवेत राहिला होता. त्यांनी तो खाली घेतला आणि माझ्याकडं पाठ केली. लगेच. मला वाटलं होतं निदान एकदा बघतील. पण ते तसेच, पाठमोरे, जिन्याकडं चालायला लागले. चाची दोघांच्या मधे उभ्या; एकदा इकडं बघतात, एकदा तिकडं. शेवटी म्हणाल्या, "आता गं बया, ही कसली सुटका म्हणायची?" आणि नवऱ्यामागं गेल्या.

चाचांना जामीन राहिले ते दोस्तच, ज्यांच्या शेडात बीमं होती. आणि माझी पिशवी दुसऱ्या दिवशी त्यांच्याच मुलाबरोबर कोल्हापूरला आली. कपडे इस्त्री केलेले. मी ते कधी इस्त्री करत नसे.

वकीलबाईंनी मला एका ओळखीच्या म्हाताऱ्या रफूवाल्याकडं लावलं, राजारामपुरीतच, त्यांच्या ऑफिसापासून तीन रस्ते सोडून. फाटलेल्या कोटाचे, साड्यांचे धागे जुळवायचे. हातांना काम नवं वाटलं नाही. म्हातारबुवा पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "तू आधी कुठं होतास रं लेका? माझे डोळे जायच्या आधी आला असतास तर?" त्यांच्याच मागच्या खोलीत राहतो. सगळे चांगले आहेत. मला आयुष्यात वाईट माणसं फार कमी भेटली, भीतीच जास्त भेटली.

पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं. पार्टीनं कोर्टाकडं अर्ज करून माल सोडवला, तिथंच विणून घेऊन कापड नेलं, ते चांगलं निघालं, रेघ एकही नव्हती. त्यालाही आता फिर्याद मागं घ्यावीशी वाटते म्हणे, पण ते त्याच्या एकट्याच्या हातात नाही. कागद, अर्ज, तारीख. बाईंनी ती अट शिथिल करायचा अर्जही दिलाय. त्यालाही तारीख.

गेल्या महिन्यात दुकानात चाची आल्या. हल्ली नीट दिसेना म्हणून डोळे तपासायला आल्या होत्या समोरच्या दवाखान्यात, औषध घालून बाहुल्या मोठ्या केलेल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते औषधाचं होतं असं त्यांनी मला आल्या आल्या सांगितलं. पिशवीतून डबा काढला.

"खा. कोर्टानं ह्यांना बंदी घातलीया, मला न्हाय. आणि केसचा एक शब्द बोलायचा न्हाय, वकीलबाईंनी सांगितलंय."

"एकट्या आलात?"

"एकटी कशी येईन, दिसतंय कुठं मला." त्यांनी हनुवटीनं रस्त्यापलीकडं दाखवलं.

रिक्षा स्टॉपच्या कट्ट्यावर चाचा बसले होते. आमच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड. दुपारचं ऊन थेट पाठीवर. शेजारी सावली होती, पण तिथं बसलं असतं तर तोंड आमच्याकडं झालं असतं. रिक्षावाले त्यांना काहीतरी विचारत होते. बहुतेक, भिंतीत काय बघालायसा म्हणून.

"कंबर कशी आहे?" मी विचारलं.

"हाय तशीच. हे विचाराय लागल्यात..." चाची थांबल्या. "न्हाय, हे काय विचारत न्हाईत. मीच विचारतीया. नव्या वहिफणीवाल्याला तीन महिने झाले, रोज एक तरी रेघ पाडतोय. तू त्या कोपऱ्यातल्या मागाला फणी कुठली लावत होतास?"

मी सांगितलं. चाचींनी दोनदा म्हणून पाठ केलं. मग डबा रिकामा होईपर्यंत माझ्यासमोर बसून राहिल्या. भाजीत मीठ जास्त होतं, नीट दिसत नसताना केलेली. मी सगळं खाल्लं. निघताना त्या म्हणाल्या, "तुझी साक्ष कधी हाय रं? एकदा तू कोर्टात बोलून मोकळा झालास की बंदी सुटती म्हणं. माडी झाडून ठेवलीया."

मी त्यांना रस्ता ओलांडून देणार होतो. निम्म्यावर थांबलो. एका रिक्षावाल्याला हाक मारली, तो आला आणि त्यांना हाताला धरून पलीकडं घेऊन गेला. चाचा उठले, चाचींचा हात धरला, आणि दोघं शहर बसच्या थांब्याकडं गेले. चाचांनी मागं बघितलं नाही. मी मात्र बस वळेपर्यंत बघितलं. मला तशी अट कुणी घातलेली नाही.

दुकानात येणारी माणसं सांगतात, साक्षीदार व्हायला कुणी तयार नसतं, समन्स आलं की लोक गावाला जातात. मी दर शनिवारी वकीलबाईंचा जिना चढतो. त्या फायलीतून मान वर न काढता म्हणतात, "अजून न्हाय." मी म्हणतो, बरं. मग त्या मान वर करतात. "अरे, उलटतपासणीत काय काय विचारतील ठाऊक हाय का तुला? भ्यायला हुत न्हाय का?"

"होतं की," मी म्हणतो. "पण तारीख लवकर लावा."